एक्साइड झाला म्हनते

दिवाळीला आठ दिवस होते आणि मामाजींचा फोन आला. मामाजी फोनवर बोलत नाहीत, हाक मारतात. त्यांचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, मी गोंदिया शहरात. मधलं सत्तर-ऐंशी किलोमीटरचं अंतर फोननं नव्हे, आवाजानं कापायचं असतं अशी त्यांची समजूत आहे.

"का जी, तुमी इंग्रजीचे मास्तर होते ना?"

"होतो, मामाजी."

"मंग सांगा. पुन्याचा आपला टुरा फोन करून रायला होता. मंडईले येतो म्हनते. आनि म्हनते, आबाजी, मी सुपर एक्साइड झालो."

"बरं?"

"ट्रॅक्टरची बॅटरी आनून रायला का जी तो?"

हसू दाबायला मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मामाजींच्या ट्रॅक्टरला गेल्या वर्षीच नवी बॅटरी बसली होती, तिच्यावर लाल अक्षरांत तेच नाव होतं, आणि गावात त्या नावाला मान आहे. तेव्हा नातू पुण्यात नोकरीला लागून सुपर एक्साइड झाला, म्हणजे बढती मिळून मोठ्या बॅटरीसारखा काहीतरी झाला, इतपत त्यांनी ताडलं होतं. त्यांचं चुकलं म्हणण्यात अर्थ नव्हता. आमच्या झाडीबोलीत शब्द आला की त्याचं आधी वजन कमी करतात. 'ण'ला प्रवेश नाही, पाणी ते पानी. 'ळ'ला प्रवेश नाही, वेळ ती वेर आणि डोळे ते डोरे. नपुंसकलिंगाची तर भानगडच ठेवलेली नाही. नाटक झाला, काम झाला, लेकरू आला. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी आयुष्य वेचलं, तिचा शब्दकोश केला, म्हणून तिला बोली तरी म्हणतात. आमच्या लहानपणी तिला नुसतंच 'अशुद्ध' म्हणत. अशा बोलीच्या दारात 'एक्सायटेड' हा एवढा लांबोडका पाहुणा आला, तर त्याचा 'टे' वेशीवरच काढून घेतला जाणार, हे ठरलेलंच.

"एक्साइड नाही मामाजी, एक्सायटेड."

"म्हंजे?"

एकतीस वर्षं मी या जिल्ह्यातल्या पोरांना इंग्रजी शिकवलं. जिल्हा तेव्हा भंडारा होता, मग १ मे १९९९ला गोंदिया झाला, पण पोरांचं इंग्रजी दोन्ही जिल्ह्यांत सारखंच राहिलं. 'एक्सायटेड' हा शब्द मी किमान दोन हजार वेळा फळ्यावर लिहिला असेल. मास्तर एक्सायटिंग आणि पोरं एक्सायटेड, उलट नव्हे, हे घसा फोडून सांगितलं. तरी दर वर्षी सहलीच्या निबंधात एक तरी पोरगा लिहायचाच की मी फार एक्सायटिंग आहे, आणि मी लाल पेनानं त्याला जमिनीवर आणायचो. एवढी हयात त्या शब्दाबरोबर काढून, मामाजींनी 'म्हंजे?' विचारल्यावर माझ्या तोंडून मराठी शब्द निघेना.

"म्हणजे... खूप आनंद... म्हणजे उत्सुक..."

"आनंद का उत्सुक? एक सांगा."

"सांगतो नंतर," म्हणून मी फोन ठेवला.

डिक्शनरी काढली तर तिथे 'उत्तेजित' आणि 'प्रक्षुब्ध' हे दोन सद्गृहस्थ बसलेले. यातल्या पहिल्याशी माझं जुनं वैर आहे. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे इंग्रजीत बोलले. आपण इथे येऊन किती एक्सायटेड आहोत, वगैरे. सूत्रसंचालन करणारा तरुण शिक्षक होतकरू होता. त्यानं माइक हातात घेतला आणि समोरच्या हजारभर पालकांना, त्यात निम्म्या बाया, सांगितलं की आदरणीय पाहुणे आपल्या शाळेत आल्यापासून अत्यंत उत्तेजित झालेले आहेत. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. ते प्रसन्न हसले आणि हात हलवला. पहिल्या रांगेतल्या दोन बायांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

त्या पोराला हसायचं तरी कसं? फ्रेंच लोकांची हीच पंचाईत आहे. तिथेही इंग्रजीच्या सवयीनं कोणी 'मी एक्सायटेड आहे' असं शब्दाला शब्द ठेवून म्हटलं, की ऐकणारा भुवया उंचावतो. फरक एवढाच की त्यांच्याकडे उत्तेजनार्थ बक्षीस नसावं. ती आपली खास मराठी चीज. पहिला नंबर, दुसरा, तिसरा, आणि मग ज्याला काहीच मिळालं नाही त्याला स्टीलची वाटी: उत्तेजनार्थ. मराठीत उत्तेजन हरणाऱ्याला देतात. माझ्याकडे अशा चार वाट्या आहेत. एकीनंही मला काडीचं उत्तेजन दिलं नाही. सगळ्या चटणीला वापरल्या जातात.

रात्री झोप येईना. निवृत्त मास्तराला झोप न यायला एक शब्द पुरतो. पुस्तकं काढून बसलो, आणि इंग्रजीत ही जी अत्यानंदाच्या शब्दांची बिरादरी आहे, तिची कुळं बघितली. बघितल्यावर मात्र या मंडळींबद्दलचा माझा आदर थोडा हलला.

'एक्साइट'चं मूळ लॅटिनमध्ये. अर्थ, हाक मारून उठवणं, हलवणं. याच घरात 'इन्साइट' आहे, म्हणजे पेपरात दर दंगलीनंतर छापून येते ती चिथावणी. 'रिसाइट' आहे, म्हणजे पाढे म्हणणं. आणि बेशुद्ध माणसाची छाती दाबून त्याला परत आणतात, तो 'रिससिटेट'ही याच घरातला. पाढे म्हणणं, दंगल पेटवणं, मेल्यासारखा माणूस उठवणं आणि मंडईला यायचा आनंद होणं, ही सगळी सख्खी-चुलत भावंडं. जमीन वाटून घेतली नसेल तरच नवल.

'थ्रिल' त्याहून पुढे. याचा जुना अर्थ भोक पाडणं. आरपार भोसकणं. इंग्रजीत नाकपुडीला जो शब्द आहे, 'नॉस्ट्रिल', त्यातलं शेपूट तेच: नाकाचं भोक. म्हणजे नोकरी बदलल्यावर जो माणूस 'थ्रिल्ड टु शेअर' असं लिहितो, तो शब्दाच्या कुळाप्रमाणे 'कळवताना मला भोक पडलं आहे' असं सांगत असतो. आमच्याकडे कान टोचताना पोर जे रडतं, त्याला आम्ही इतकी वर्षं थ्रिल म्हटलं नाही, ही आमची चूक.

'फ्रेंझी' तर सरळ दवाखान्यातून आला आहे, ग्रीकांच्या मेंदूच्या सुजेवरून. आणि 'एक्स्टसी' म्हणजे माणूस स्वतःच्या बाहेर उभा राहणं. हे वाचून मी थबकलो. भान हरपणं, आपल्यात नसणं, हे आपलंच की! आणि त्यापुढच्या पानावर 'एन्थुझियाझम'. मूळ ग्रीक अर्थ: आत देव असणं.

म्हणजे अंगात येणं.

मी चष्मा काढला. ज्या 'एन्थुझियाझम'वर दर सोमवारी शहरातल्या हॉटेलांत सुटाबुटातले लोक व्याख्यानं देतात, तो आमच्या मातामायच्या पारावर दर नवरात्रात फुकट बघायला मिळतो. कोणाच्या तरी अंगात येतं, केस सुटतात, बाकीचे 'माय, काय पाह्यजे सांग' म्हणत लिंबू घेऊन उभे राहतात. इंग्रजांना सतराव्या शतकात हे ठाऊक होतं. तेव्हा एखाद्या उपदेशकाला 'एन्थुझियास्ट' म्हणणं ही शिवी होती, देव आपल्याच अंगात येतो असं समजणारा. पुढे लिंबू गेलं आणि नोकरीच्या जाहिरातीत शब्द राहिला: एन्थुझियास्टिक उमेदवार पाहिजे. हिशेब असा की 'एन्थुझियाझम'मध्ये देव घरात राहायला येतो, 'एक्स्टसी'त घरमालक बाहेर जाऊन उभा राहतो. भाड्याचं काय ठरतं, ते ग्रीकांना ठाऊक.

सकाळी मामाजींना फोन लावला. "मामाजी, एक्सायटेड म्हणजे अंगात आल्यासारखं होणं."

बराच वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाले, "पोराले दवाखान्यात दाखवला का?"

यात मामाजींचा दोष नाही. आमच्या मुलखात अंगात येतं ते देवीचं येतं, माणसाचं येत नाही. माणसानं आपला आनंद स्वतःच्या तोंडानं सांगायचा, ही रीत आम्हाला नाही. आमच्याकडे मोजमापाचं एकच माप आहे, आणि ते म्हणजे 'ठीक'. धानाचं पीक बुडालं, तरी कसं आहे विचारल्यावर 'ठीक'. धान कोठीत मावेना, तरी 'ठीक'. फरक 'ठीक'च्या आधीच्या श्वासात असतो, आणि तो ओळखायला जन्म इथे जावा लागतो. मुलगी बघायला गेलेली मंडळी परत आली आणि 'ठीक हाये' म्हणाली, की बाया लगेच साखर आणायला पाठवतात. 'चांगली हाये' म्हणाली, तर काहीतरी गडबड आहे असं समजतात.

नागझिऱ्यात हे फार छान दिसतं. नवेगाव आणि नागझिरा मिळून डिसेंबर २०१३मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून बाहेरच्या गाड्या वाढल्या. जिप्सीत पुण्या-मुंबईची मंडळी श्वास रोखून बसलेली असतात. वाघ दिसला रे दिसला की 'ओ माय गॉड, आय अ‍ॅम सो एक्सायटेड' असं कुजबुजतात, आणि ती कुजबुज इतकी मोठी असते की वाघाला समजतं. पुढे बसलेला आमचा गाइड, ज्याचा बाप आणि आजा याच रानात मोहफुलं वेचत मोठे झाले, तो मान न वळवता म्हणतो, "हाये. बसून हाये." बस्स. पण त्याच्या मानेवरचे केस बघा.

सारसाचंही तेच. महाराष्ट्रात सारस बघायचा तर आमच्या जिल्ह्यातल्या तळ्यांवर आणि धानाच्या बांध्यांत या, बाकी राज्यात तो नावालाही सापडणं कठीण. माणसाएवढा उंच पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच. जोडी नाचायला लागली की पंख उघडून, मान मागे टाकून, उड्या मारून अशी काही ओरडते की बांधावरचा फोटोग्राफर कॅमेऱ्याचं बटण दाबायचं विसरतो. शेतकरी खांद्यावर कुदळ घेऊन बाजूनं जातो. त्याला विचारलं, "काय करून रायले जी हे?" तर म्हणतो, "नाचून रायले." सारस काय समजतात स्वतःला, ते सारसांना विचारा; आमच्याकडून याहून जास्त मिळणार नाही.

मार्च २०२२मध्ये गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून प्रवासी विमान सुरू झालं. धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी केलेली, म्हणजे विमानाची वाट आम्ही जवळपास ऐंशी वर्षं पाहिली. एवढ्या प्रतीक्षेनंतर तर कोणीतरी उडी मारायला हवी होती. मामाजींना मी मोठ्या आवाजात बातमी दिली. ते म्हणाले, "वरतून आपली बांधी दिसते का?" मी म्हटलं, दिसत असेल. "मंग ठीक."

पण शंकरपटाला हा माणूस बघावा. पट म्हणजे आमची बैलांची शर्यत, दोन जोड्या दोन धावांवर, सेकंदाच्या काट्यावर निकाल. मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ला अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ला घटनापीठानं ती कायम केली. बैलांच्या बाजूनं जे बोलतात त्यांचं सगळंच खोटं आहे असं मला वाटत नाही, अटी हव्यातच. मला सांगायचं ते वेगळं. ती सात-साडेसात वर्षं मामाजी म्हणायचे, "आता काय रायला पटात. बंद झाला तं बरा झाला." आणि बंदी उठल्यावरच्या पहिल्या पटाला, डाक्टरनं धुळीत जाऊ नका म्हणून बजावलेला हा पंचाहत्तरीचा माणूस पहाटे पाचला दांडीजवळ जागा धरून बसलेला मला सापडला. विचारलं, कसे आलात? म्हणाले, "हिकडून जाऊन रायलो होतो."

घरापासून ती जागा अकरा किलोमीटर आहे.

तर नातू आला. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आला. ही गाडी कोल्हापुरातून निघते आणि गोंदियाला संपते, महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, आणि रात्री पुण्यात बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या फलाटावर पाय ठेवतो तेव्हा त्याच्यात एक्साइटमेंटचा अंशही उरलेला नसतो. याच्यात होता. हातात मोबाइल उंच धरून तो फलाटावरून स्वतःशीच बोलत येत होता. मी पुढे होऊन बॅग घेतली, तर म्हणाला, "काका, एक मिनिट, स्टोरी टाकतोय." वाटेत त्यानं मला दाखवली. खाली लिहिलं होतं, सुपर एक्सायटेड, आणि पुढे ज्वाळांची तीन चित्रं. बॅकग्राउंडला आमच्या स्टेशनचा बोर्ड आणि वडे तळणारा माणूस. वडेवाला मात्र एक्सायटेड दिसत नव्हता.

सकाळी वडशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं निघालो. सौंदड, देवलगाव, मग अर्जुनी. दोन्ही बाजूंना हलका धान कापून झालेला, कडपा वाळत पडलेला. भारी धान अजून उभा, ओंब्यांनी वाकलेला. पोरगा प्रत्येक तळ्यावर म्हणत होता, "काका, सो एक्सायटेड!" चौथ्या तळ्यानंतर मी मोजणं सोडलं. नवेगावबांधच्या मुलखात तळी मोजणं तसंही शहाणपणाचं नाही.

मामाजी अंगणात खाटेवर बसले होते. नातू पाया पडला. "आलास? ठीक." इतकंच. मी मात्र मास्तरच्या नजरेनं घर बघितलं. अंगण ताज्या शेणानं सारवलेलं. दोन नवीन चटया भिंतीला टेकवून. ओसरीत शिंगाड्यांची टोपली, उकडलेले, ढीवरांच्या बोडीतले, टपोरे. जिलेबीचा पुडा, गुळाचीच. मामाजींची दाढी केलेली. एरवी ती आठवड्याची असते. आणि खिशातून डोकावणारी नाटकाची चार तिकिटं, पहिल्या रांगेतली, खुर्चीची.

"मंडई कशी आहे यंदा?"

"काय हाये त्यात. दर वर्साची तं हाये."

मंडई ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दिवाळी संपली की आमच्याकडे गावोगाव, प्रत्येक गावाच्या ठरल्या दिवशी, मंडई भरते. दिवसा गोवारी नाचतात, दंडार होते, सासुरवाशिणी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक. नाटक म्हणजे झाडीपट्टीचं नाटक. वडशाच्या कंपन्या, दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम, रात्री दहा-अकराला पडदा उघडायचा आणि कोंबडा आरवेपर्यंत पडायचा नाही. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत दोन अंकी नाटकाला मध्यंतरात प्रेक्षक घड्याळ बघतात म्हणतात. इथे माणसं तणशीवर गोधडी टाकून, लेकरं मांडीवर घेऊन, सात तास बसतात आणि सकाळी म्हणतात, थोडक्यात आटोपला. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला ही रंगभूमी असल्याचं कळलं. आम्हाला ती आधी ठाऊक होती. आम्ही 'ठीक' म्हणालो.

साडेदहाला आम्ही पहिल्या रांगेत. नातू फोटो काढत होता. मामाजींनी डोक्याला दुपट्टा बांधला, हातात काठी, पाय खुर्चीच्या दांडीवर. मागे हजार-दीड हजार माणूस. पेटी-तबलेवाले बसले. मागच्या बाजूला जनरेटर धडधडायला लागला.

दिवे लागेनात.

इंजिन सुरू, धूर सुरू, आवाज इतका की शेजारचा बोललेला ऐकू येईना. पण बल्ब मेलेले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागून शिट्ट्या. मंडळाचे लोक मोबाइलच्या उजेडात धावायला लागले. मामाजी उठले आणि काठी टेकत जनरेटरकडे निघाले. काही काम होतं म्हणून नाही, 'पाहून येतो' म्हणून. मागोमाग मी आणि नातू.

मिस्त्री गुडघ्यावर बसून मीटर बघत होता. काटा शून्यावर.

"काय झाला जी?" मामाजींनी विचारलं.

"इंजिन ठीक हाये, आबाजी. आल्टरनेटरचा एक्सायटेशन गेला."

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मग नातवाकडे बघितलं. "काय गेला म्हनता?"

"एक्सायटेशन. होरीपासून पडून होता ना हा. आतल्या लोखंडात थोडासा चुंबक शिल्लक रायते, त्याच्यावरच वीज तयार होऊ लागते. थोडी झाली की चुंबक वाढते, चुंबक वाढला की वीज वाढते. पन आठ महिने पडून रायला तं तो थोडासाही गेला. आता कितीही फिरवा, काही होत नाही. भायेरून धक्का द्यावा लागते."

"कशाचा?"

"बारा व्होल्टची बॅटरी पाह्यजे. दोन सेकंद दाखवायची, बस. माही गाडीतली उतरून गेली."

मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण या शब्दाचं इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला कधी जमलं नाही. लॅटिनवाल्यांनी तरी वेगळं काय सांगितलं होतं? हाक मारून उठवणं.

मामाजींनी मात्र लॅटिन वगैरे काही ऐकून घेतलं नाही. ते वळलेच. काठी माझ्या हातात आली, ती कशी आली मला कळलं नाही. पंचाहत्तरीचा माणूस धानाच्या धुऱ्यावरून अंधारात धावत सुटला. धावत, शब्दशः. मागे नातू, मोबाइलचा टॉर्च वर धरून, "आबाजी, हळू! आबाजी!" आणि त्याच्या मागे मी, दोघांच्या चपला गोळा करत.

घरी पोचलो तेव्हा मामाजींनी ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून पाना लावला होता. बॅटरी उतरवली, लाल अक्षरं वर करून नातवाच्या हातात दिली. पंचवीस-तीस किलोचा ऐवज. पुण्यातून आणलेल्या कोऱ्या जॅकेटवर आम्लाचा डाग पडतो की काय म्हणून पोरगा ती हातभर दूर धरायला बघत होता, आणि दूर धरता येत नव्हती.

"आबाजी, मी..."

"बोलू नको. चाल."

मिस्त्रीनं दोन वायर जोडल्या. कुठली कुठे, ते बघितलं, उलटी लागली तर काम बिघडतं म्हणाला. मग टोकं टेकवली. एक ठिणगी उडाली. मीटरचा काटा थरथरला, थोडा चढला, आणि मग सरसर वर. शामियाना उजळला. दीड हजार माणसांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला इंग्रजीत काय म्हणतात मला ठाऊक नाही, आणि मराठीतही नाही. पेटीवाल्यानं भाता ओढला.

मामाजींनी मिस्त्रीकडून बॅटरी मागून घेतली.

"ठेवा ना इथंच, आबाजी. सकारी नेजा."

"अन् फिरून गेला तं?"

बॅटरी त्यांच्या खुर्चीखाली आली. सात तास तिच्यावर पाय ठेवून ते बसले. नायिकेच्या भावानं जमीन लाटली तेव्हा पुढे वाकले, खलनायकाला पोलिसांनी धरलं तेव्हा त्यांची काठी माझ्या नडगीवर बसली, आणि लावणीच्या वेळी मी शेजारी आहे हे आठवून त्यांनी खोकल्यासारखं केलं. नातू दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला झोपला. तोंड उघडं, मोबाइल छातीवर, स्क्रीनवर अजून त्या तीन ज्वाळा.

पहाटे पडदा पडला. तणशीवरून माणसं उठत होती, गोधड्या झटकत होती, लेकरं खांद्यावर टाकत होती. थंडी चांगलीच होती. पोरगा जागा झाला, डोळे चोळले आणि म्हणाला, "संपलं? आबाजी, कसं होतं?"

मामाजींनी दुपट्टा सोडला, परत बांधला.

"ठीक होता."

मग काठी टेकवत ते मिस्त्रीकडे गेले. तो वायर गुंडाळत होता.

"का जी, उद्या पल्याडच्या गावाची मंडई हाये ना?"

"हाव, आबाजी."

"थेचा जनरेटर तुमचाच का?"

मिस्त्री हो म्हणाला. मामाजी परत आले, खाली वाकले, आणि दुपट्ट्याच्या टोकानं बॅटरीवरची धूळ पुसायला लागले.